सत्ताधारी पक्षातली अंतर्गत कुरघोडी आणि आपलं कोकण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकमंत्री पदाची यादी आली, तिकीटवाटप झालं किंवा गणपतीत चाकरमानी गावी आले की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून सगळे एकाच ठिकाणी घेतलेत. उदाहरणं शक्यतो रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली आहेत. कुठल्या पक्षाची बाजू घ्यायची नाहीये, पण या भांडणात गावाचं काय होतं याबद्दल मला जे वाटतं ते लिहिलंय.

१. पक्ष सत्तेत आलाय, सगळं मिळालंय, मग आता आपसात कशाला भांडतात?

सत्तेत आल्यावरच तर वाटायला काहीतरी हातात येतं. विरोधात असताना आंदोलन करायचं, गुन्हे अंगावर घ्यायचे, त्यात वाटणी कसली? सत्ता आली की मंत्रिपद, पालकमंत्री, महामंडळ, विधान परिषद, जिल्हा नियोजनचा निधी, सगळंच समोर दिसायला लागतं आणि जागा असतात मोजक्या. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळ विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा मोठं करता येत नाही, आपली विधानसभा २८८ ची, म्हणजे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३. आणि २०२४ ला महायुतीचे तीन मोठे पक्ष मिळून आमदार आले २३० (भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजितदादांची राष्ट्रवादी ४१). विधान परिषदेतले इच्छुक वेगळेच. म्हणजे पाचातले चार जण पहिल्या दिवसापासूनच नाराज. सावंतवाडीच्या दीपक केसरकरांचं बघा, आधी शालेय शिक्षण मंत्री होते, जून २०२२ ला शिवसेना फुटून आमदार गुवाहाटीला गेले त्या काळात शिंदे गटाचे प्रवक्ते होते, टीव्हीवर रोज तेच दिसायचे, तरी डिसेंबर २०२४ च्या विस्तारात नाव नव्हतं. बहुमत जेवढं मोठं तेवढी नाराजांची रांग मोठी, हे आधी डोक्यात घेतलं की बाकीचं समजायला सोपं जातं.

२. पालकमंत्री पदासाठी एवढी रस्सीखेच का? मंत्री तर ते आधीच असतात ना?

मंत्री राज्याचा असतो, पालकमंत्री जिल्ह्याचा, आणि पुढची निवडणूक जिल्ह्यातच लढायची असते. पालकमंत्री हे पद घटनेत नाही, मुख्यमंत्री ठरवतात आणि शासन आदेश निघतो. पण जिल्हा नियोजन समिती घटनेत आहे (अनुच्छेद २४३ झेडडी), आणि महाराष्ट्रात तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा या समितीतून जातो. रस्ते, साकव (वहाळावरचा छोटा पूल), शाळा दुरुस्ती, स्मशानशेड, पाखाड्या (दगडी पायवाटा), जेट्टीकडे जाणारा रस्ता, खारलँडचे (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचे) बंधारे, गावात दिसणारी बरीच कामं इथल्या यादीत नाव आलं तरच पुढे सरकतात.

आता ही यादी कशी होते ते बघा. सरपंच पत्र देतो, त्याच्यावर आमदाराची शिफारस, मग ते पालकमंत्र्यांच्या ऑफिसात जातं, तिथे बसलेला माणूस बघतो की शिफारस कुणाची आहे. आमदार आणि पालकमंत्री एकाच गटाचे असतील तर काम मार्गी लागतं, नसतील तर "पुढच्या बैठकीत बघू". मग आमदाराला वाटतं की निवडून मी आलोय आणि माझ्याच मतदारसंघात नारळ दुसराच फोडतोय. आणि त्याचं वाटणं चुकीचं पण नाही. शिवाय १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे ला झेंडा कोण फडकवणार, जिल्ह्यातले अधिकारी कुणाचा फोन आधी उचलणार, हे सगळं त्यात आलंच.

३. रायगडला जानेवारी २०२५ मध्ये नक्की काय झालं होतं?

१८ जानेवारी २०२५ ला पालकमंत्र्यांची यादी आली, त्यात रायगडसाठी आदिती तटकरे (राष्ट्रवादी) यांचं नाव होतं. महाडचे भरत गोगावले (शिवसेना) त्या पदासाठी आग्रही होते. त्यांचे समर्थक महामार्गावर उतरले, टायर पेटवले, आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने रायगडच्या नावाला स्थगिती दिली. सोबत नाशिकला पण दिली. पुढे किती महिने हा तिढा तसाच लटकत राहिला ते रायगडकरांना सांगायला नको.

आता दोघांचं गणित. रायगडात विधानसभेच्या जागा सात. २०२४ ला शिवसेनेला तीन (महाड, अलिबाग, कर्जत), भाजपला तीन (पनवेल, उरण, पेण) आणि राष्ट्रवादीला एक, श्रीवर्धन, तिथे स्वतः आदिती तटकरे. शिवसेनेचं म्हणणं, आमचे तीन आणि त्यांचा एक, मग पद त्यांना का. राष्ट्रवादीचं म्हणणं, रायगडचे खासदार सुनील तटकरे आमचे, तेच आमचे प्रदेशाध्यक्ष, आणि आदितीताईंनी हे पद आधी सांभाळलंय. पण हे नुसतं २०२५ चं भांडण नाही. महाविकास आघाडीच्या काळात पण त्याच पालकमंत्री होत्या आणि शिवसेनेचे हेच तिन्ही आमदार, गोगावले, महेंद्र दळवी आणि महेंद्र थोरवे, निधी मिळत नाही म्हणून तेव्हापासून तक्रार करत होते, आणि जून २०२२ ला शिंदेंबरोबर गेले तेव्हा जी कारणं सांगितली त्यात हे एक होतं. आघाडी बदलली, सरकार बदललं, दोन पक्ष फुटले, आणि शेवटी हीच माणसं पुन्हा एकाच सरकारात समोरासमोर आली. म्हणून मी नेहमी सांगतो की कोकणातलं भांडण समजायचं असेल तर पक्षाचं नाव बाजूला ठेवून तालुका बघा.

४. जिल्हाप्रमुख, जिल्हाध्यक्ष, संपर्कप्रमुख, यातलं मोठं कोण?

शिवसेनेच्या रचनेत (दोन्हीकडे) शाखाप्रमुख, विभागप्रमुख, तालुकाप्रमुख, जिल्हाप्रमुख अशी उतरंड असते आणि संपर्कप्रमुख बहुतेक मुंबईहून नेमलेला. भाजपमध्ये बूथ, मंडल, जिल्हा. कागदावर जिल्ह्याचा माणूस मोठा, पण तो आमदाराचा माणूस आहे का हे बघायचं. असेल तर आमदार मोठा, नसेल तर तालुक्यात दोन ऑफिसं, दोन दहीहंड्या आणि दोन मेळावे दिसतात. वरचे नेते कधीकधी मुद्दाम दोघांना सारखं ठेवतात, म्हणजे कुणी एकटा फार मोठा होत नाही आणि दोघंही मुंबईला येत राहतात. यात तालुक्याचं नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

५. आमच्या आमदाराचो फोन लागना नाय, म्हणजे तो फुटलो काय?

लगेच तसं समजू नका. "नॉट रिचेबल" ही बातमी नव्वद टक्के वेळा दबाव टाकण्यासाठी असते. नाराजी दाखवायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी बॅनरवरचा फोटो जातो. तिठ्यावर गणपतीच्या स्वागताचे जे बोर्ड लागतात ते नीट बघत जा, वरच्या ओळीत कुणाचे फोटो आहेत, आपल्याच जिल्ह्याचा मंत्री गायब आहे का, पक्षाचं चिन्ह लहान आणि "मित्रमंडळ" मोठं झालंय का. मग बैठकीला दांडी, तब्येतीचं कारण. मग समर्थकांचे सामूहिक राजीनामे, हे राजीनामे जिल्हाप्रमुखाकडे जातात आणि तिथेच पडून राहतात, मंजूर कुणी करत नाही. मग मुंबईत भेट, फोटो, आणि "मी नाराज नव्हतोच".

खरं फुटणं असतं तेव्हा एवढा गाजावाजा होत नाही. २० जून २०२२ ला विधान परिषदेचं मतदान होतं, दिवसभर सगळे आमदार विधान भवनात एकत्र होते, आणि त्याच रात्री शिंदे आणि बरोबरचे आमदार सुरतेच्या रस्त्याला लागले. आपले उदय सामंत तर त्यानंतर काही दिवसांनी गुवाहाटीला पोचले, तोपर्यंत उद्धव ठाकरेंच्या बैठकांना हजर होते. म्हणून तारीख बघा. जवळपास मंत्रिमंडळ विस्तार, विधान परिषदेची जागा किंवा तिकीटवाटप असेल तर ती बहुतेक वेळा सौदेबाजी असते.

६. तिकीट नक्की कुणाच्या हातात असतं? एबी फॉर्म म्हणजे काय?

दोन कागद असतात. ए फॉर्मवर पक्ष सांगतो की उमेदवार ठरवायचा आणि सही करायचा अधिकार अमुक माणसाला दिलाय. बी फॉर्मवर तो माणूस उमेदवाराचं नाव लिहितो, आणि पर्यायी उमेदवाराचं पण. हे दोन्ही अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचले तरच पक्षाचं चिन्ह मिळतं, नाहीतर उमेदवार अपक्ष. आठ दिवस मुलाखती, सर्व्हे, कोअर कमिटी काय व्हायचं ते होऊ दे, ज्याच्या हातात बी फॉर्म तो उमेदवार.

म्हणूनच नगरपरिषदेच्या वेळी शेवटच्या दिवशी अडीच वाजता प्रांत ऑफिसच्या बाहेर ती धावपळ दिसते. एकजण पाकीट घेऊन गाडीतून उतरतो, दुसरा आधीच गुलाल घेऊन उभा असतो आणि त्याला तिथेच कळतं की पत्ता कट झाला. वीस वर्षं सतरंज्या उचललेला माणूस तिथे रडताना बघितलाय आपण सगळ्यांनी. नाव उशिरा देण्यामागे हेतू हाच असतो की डावललेल्याला दुसऱ्या पक्षाचा फॉर्म आणायला वेळ मिळू नये. मला हा प्रकार अत्यंत वाईट वाटतो, नाही म्हणायचंय तर चार दिवस आधी तोंडावर सांगा ना.

७. बंडखोराला ६ वर्षांसाठी काढतात, मग तो वर्षभरात परत कसा दिसतो?

कारण हा ६ चा आकडा निवडणूक कायद्यातला नाही, पक्षाचा निर्णय आहे, आणि पक्षाने घेतलेला निर्णय पक्ष मागे घेऊ शकतो. बंडखोर जिंकला तर तर लगेचच. (गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर सुटकेनंतर ६ वर्षं निवडणूक लढवता येत नाही, तो लोकप्रतिनिधित्व कायद्यातला वेगळा विषय आहे, बरेच जण दोन्ही एकत्र करतात.)

कोकणात बंडखोरीने काय होऊ शकतं याचं उदाहरण म्हणजे गुहागर २००९. ही जागा पिढीजात भाजपची, नातूंची. युतीत शिवसेनेने रामदास कदमांसाठी घेतली, विनय नातू अपक्ष उभे राहिले, मतं फुटली आणि निवडून आले राष्ट्रवादीचे भास्कर जाधव. आणि हे जाधव कोण, तर १९९५ आणि १९९९ ला चिपळूणमधून शिवसेनेचेच आमदार, २००४ ला तिकीट कापलं म्हणून अपक्ष लढले, हरले, राष्ट्रवादीत गेले. म्हणजे एका पक्षाने कापलेला माणूस पाच वर्षांनी त्याच पक्षाच्या मोठ्या नेत्याला पाडून गेला. २०१९ ला परत शिवसेनेत आले ते वेगळंच.

८. निष्ठावंत विरुद्ध बाहेरून आलेले, हा वाद आपल्याकडेच एवढा का?

आपल्याकडे माणसं नेत्याबरोबर जातात, पक्षाबरोबर कमी. नारायण राणे २००५ ला शिवसेनेतून बाहेर पडून काँग्रेसमध्ये गेले, त्याच वर्षी मालवणची पोटनिवडणूक जिंकले, २०१७ ला काँग्रेस सोडून स्वतःचा महाराष्ट्र स्वाभिमान पक्ष काढला, २०१९ ला तो भाजपमध्ये विलीन केला. प्रत्येक वेळी सिंधुदुर्गातल्या वाडीवाडीतले कार्यकर्ते, सरपंच, सोसायटीचे संचालक बरोबर सरकले. आणि प्रत्येक वेळी नव्या पक्षात जे आधीपासून होते, म्हणजे ज्यांनी काल यांच्याविरुद्ध बूथवर मार खाल्ला होता, त्यांना एका रात्रीत सांगितलं गेलं की आता हे तुमचे नेते.

राजापूरचं ताजं आहे. राजन साळवी २०२२ ला ठाकरेंबरोबर राहिले, २०२४ ला शिंदे सेनेच्या किरण सामंतांकडून हरले, आणि फेब्रुवारी २०२५ ला शिंदे सेनेतच गेले. आता राजापूर-लांज्यातल्या शिंदे सेनेच्या कार्यकर्त्याने काय करायचं? ज्याला पाडायला घरोघर फिरला तोच आता व्यासपीठावर शेजारी. बरं, दोघांचेही कार्यकर्ते जिल्हा परिषदेच्या एकाच गटातून (म्हणजे मतदारसंघातून) इच्छुक. इनकमिंगच्या दिवशी भगवे, उपरणी, फोटो सगळं होतं, पण त्या गटाचं तिकीट कुणाला हे त्या दिवशी कुणीच बोलत नाही. आणि तिकीट नाकारलेला माणूस पक्ष सोडतोच असं नाही, बरेचदा तो आत राहूनच काम करत नाही, आणि ते जास्त महागात पडतं.

९. निवडणूक न होता मुख्यमंत्री बदलता येतो का?

येतो. मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात, पण ज्याच्यामागे बहुमत त्याचीच. पक्षाने सांगितलं की नेता बदला, तर जुना राजीनामा देतो, विधिमंडळ पक्ष नवा नेता निवडतो, शपथ होते. लोकांना कुणी विचारत नाही. नवा माणूस कुठल्याच सभागृहाचा सदस्य नसेल तरी चालतं, ६ महिन्यांत निवडून यावं लागतं.

कोकणाने हे जवळून बघितलंय. १९९५ ला आलेल्या युती सरकारचे मुख्यमंत्री मनोहर जोशी, मूळचे रायगडातल्या नांदवीचे. जानेवारी १९९९ च्या शेवटी बाळासाहेबांनी त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं आणि १ फेब्रुवारीला राणेंनी शपथ घेतली. दोघंही एकाच पक्षाचे, दोघंही कोकणचे, आणि निर्णय मातोश्रीवर झाला. राणेंना मुख्यमंत्री म्हणून वर्षही मिळालं नाही, त्याच वर्षी निवडणूक लागली आणि युती गेली. त्याआधी काँग्रेसमध्ये बॅरिस्टर अंतुले, आपल्या आंबेतचे, उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये गेले, त्यांच्या जागी बाबासाहेब भोसले आले आणि वर्षभराने त्यांनाही बदलून वसंतदादा. तेव्हा ठरायचं दिल्लीत. ठिकाण बदललं, पद्धत तीच आहे.

१०. दोन तृतीयांश आमदार फुटले तर आमदारकी वाचते हे खरं का?

अर्धवट खरं. १९८५ ला पक्षांतरबंदी आली (दहावी अनुसूची), तेव्हा एक तृतीयांश फुटले तरी "फूट" म्हणून चालायचं. २००३ ला ते काढून टाकलं. आता सवलत फक्त विलीनीकरणाला आहे, पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि दोन तृतीयांश आमदारांची त्याला संमती असेल तर. नुसता वेगळा गट केला म्हणून संरक्षण नाही.

मग शिंदेंबरोबर गेलेले कसे वाचले? त्यांनी विलीनीकरण केलंच नाही, आम्हीच मूळ पक्ष असं म्हणाले. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिला. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचा बहुमत चाचणीचा निर्णय चुकीचा ठरवला, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता म्हणून सरकार परत आणता येणार नाही असं सांगितलं आणि अपात्रतेचं अध्यक्षांकडे सोपवलं. अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी १० जानेवारी २०२४ ला शिंदेंची सेना खरी ठरवली आणि अपात्र कुणालाच केलं नाही. म्हणजे गोगावले, सामंत, केसरकर वाचले तसेच त्या वेळचे ठाकरेंकडचे राजन साळवी, वैभव नाईक, भास्कर जाधव पण वाचले. दीड वर्ष गेलं यात, आणि अध्यक्ष स्वतः सत्ताधारी पक्षाचेच असतात, हा या कायद्यातला सगळ्यात मोठा दोष आहे असं मला वाटतं.

११. व्हिप कुणाचा चालतो? आणि तो मोडला तरी आमदारकी कुठल्या मतदानात जात नाही?

व्हिप म्हणजे सभागृहात मत कसं टाकायचं याचा पक्षाचा आदेश, आणि तो काढणाऱ्या प्रतोदालाही व्हिपच म्हणतात. वरच्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की व्हिप नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या आमदारांच्या गटाचा नाही. महाडचे गोगावले यांची प्रतोद म्हणून जी निवड अध्यक्षांनी मान्य केली होती ती याच मुद्द्यावर बेकायदा ठरली.

अपवाद महत्त्वाचा आहे. पक्षांतरबंदीचा व्हिप सभागृहातल्या मतदानाला लागतो. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो, विरुद्ध टाकलं तर पक्ष कारवाई करेल पण त्यामुळे आमदारकी जात नाही. विधान परिषदेचं मतदान तर गुप्तच, कुणी कुणाला टाकलं ते कळतही नाही. म्हणून आतली नाराजी सगळ्यात आधी विधान परिषदेच्या मतपेटीत दिसते.

१२. हाच कायदा नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांना लागतो का?

तो नाही, त्यांच्यासाठी १९८६ चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम आहे. नगरपरिषद, जिल्हा परिषद, पंचायत समितीचं प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालतं. ग्रामपंचायत यात येत नाही, कारण ती निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. निकालानंतर "अमुक इतक्या ग्रामपंचायती आमच्या" असं सगळेच पक्ष सांगतात ते त्यामुळेच, एकच सरपंच दोन याद्यांमध्ये असतो. थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाचं आणखी वेगळं, नगराध्यक्ष एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असं होऊ शकतं, आणि मग सभेत एकही विषय सरळ मंजूर होत नाही.

१३. "मैत्रीपूर्ण लढत" म्हणजे काय?

वर युती, खाली लढाई. २०१९ ला राज्यात भाजप-शिवसेना युती होती आणि कणकवलीत भाजपच्या नितेश राणेंसमोर शिवसेनेने सतीश सावंत उभे केले होते. मैत्री काही दिसली नाही त्यात. २०२४ ला उलटं केलं, नितेश भाजपमधून कणकवलीत आणि निलेश शिंदे सेनेत जाऊन कुडाळमधून, दोघं निवडून आले. लढत टाळायची असेल तर जागेप्रमाणे माणसाचा पक्ष बदलतात, बाकी उमेदवारीचं प्रश्न ६ मध्ये आहेच.

१४. दोन नेत्यांचं पटत नाही म्हणून आमच्या वाडीचा साकव अडलाय. आम्ही काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पावसात पोरांना शाळेत पाठवायचं तर वहाळ ओलांडायला लागतो, आणि वर कुणाचा फोटो कुठे लागला यावर काम थांबतं, हे चीड आणणारं आहे.

कुणालाही भेटायच्या आधी काम नेमकं कुठल्या टप्प्यावर अडलंय ते लेखी काढा. टप्पे असे: जिल्हा नियोजनच्या यादीत नाव, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. यादीतच नाव नसेल तर अडवणूक राजकीय आहे, तिथे ग्रामसभेचा ठराव करून त्याची प्रत आमदार, पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी तिघांनाही एकाच दिवशी द्या आणि पोच घ्या, म्हणजे "माझ्याकडे आलंच नाही" म्हणता येणार नाही. कार्यारंभ आदेश होऊन काम बंद असेल तर ठेकेदार आणि बांधकाम विभागाकडे जायचं, नेत्याकडे नाही. बरेचदा लोक उगाच भूमिपूजनासाठी तारीख मागत बसतात, भूमिपूजन ही काम सुरू करायची अट नाहीये, आदेश असेल तर नारळ नंतर फोडा.

माहिती तोंडी मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकामच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, ज्याच्याकडे काम असेल तिथे. कामाचं नाव, वाडी, वर्ष लिहा आणि वरच्या प्रत्येक टप्प्याची तारीख आणि आदेशाची प्रत मागा, "काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, ३० दिवस वाट बघायची, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच ऑफिसात पहिलं अपील. अर्ज वाडीतल्या एकट्याने नको, दोन्ही गटांच्या माणसांनी आपापल्या नावाने वेगवेगळा टाकला तर जास्त चांगलं.